ढालीचे तीन दिवस

माझी भीती माझ्या डाव्या बरगडीखाली राहायची आणि ती हाताला लागायची. आमच्याकडं तिला पानथरी म्हणत, पुस्तकात प्लीहा. हिंवताप वरचेवर येऊन गेला की पोटात डाव्या अंगाला ती सुजते, घट्ट होते, आणि बरगडीच्या आड असायची ती हळूहळू खाली उतरते. दिग्गीच्या अलीकडं, काळी नदीच्या खोऱ्यात आमची सात घरं होती. त्या सात घरांत पानथरी न वाढलेलं पोर शोधून सापडलं नसतं. आमच्या सुपे पेठ्यात, म्हणजे तालुक्याच्या त्या तुकड्यात, बदली झाली की सरकारी कारकून रडत यायचे आणि रजा काढून पळायचे, हे आबा हसत हसत सांगायचे. आबा म्हणजे माझे वडील. पण हे हसणं अण्णा जायच्या आधीचं.

अण्णा माझा थोरला भाऊ. मी दहा वर्षांचा असेन, तो सोळाचा. चिखलणी चालली होती. रेड्याला जू घालताना रेड्यानं मागचा पाय झटकला आणि खूर अण्णाच्या पोटाला लागला. लाथ म्हणावी अशी ती लाथसुद्धा नव्हती. अण्णा "काय न्हाई, काय न्हाई" म्हणत बांधावर टेकला. थोड्या वेळानं म्हणाला, "आबा, माझा डावा खांदा लई दुकतोय." लागलं पोटाला आणि दुखतोय खांदा, याचं सगळ्यांना नवल वाटलं. आईनं खांद्याला तेल चोळलं. त्याचे ओठ ताकासारखे पांढरे पडत गेले, तो पुन्हा पुन्हा पाणी मागत राहिला, आणि गुरं परतायच्या आत आमचा अण्णा गेला. पुढं एका गावकऱ्यानं सांगितलं, पानथरी फुटली की असंच होतं, आत रक्त साठतं आणि खांदा बोंबलतो. हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि जन्मभर विसरलो नाही.

त्या पावसाळ्यानंतर आमच्या घरात एकच माणूस महत्त्वाचं उरलं, ते म्हणजे माझं पोट. सकाळी उठल्याबरोबर आई किराइताचा कडू काढा प्यायला लावायची आणि मगच नाचण्याची आंबील द्यायची. आंबिलीबरोबर कधी भाजलेल्या सुक्या मासळीचा तुकडा, कधी भिरंडाचं, म्हणजे कोकमाचं, सार, वैशाखात फणसाची भाजी; पण किराइताची चव जिभेवरून जायचीच नाही, त्यामुळं माझ्या लहानपणचं सगळं अन्न मला थोडं कडूच आठवतं. जेवण झालं की ती माझं पोट चाचपायची, आणि बोटं जिथं अडतील तिथं तिचा चेहरा बदलायचा. एकदा डोंगरापलीकडून डाग देणारा म्हातारा आला. आबांनी माझे हात धरले, आईनं पाय, आणि म्हाताऱ्यानं विळ्याचं तापवलेलं टोक माझ्या पोटावर तीनदा टेकवलं. डागलं की पानथरी आटते अशी समजूत. आटली नाही. तीन डाग राहिले, अजून आहेत. आंघोळीला बसलो की दिसतात. परवा नातवानं विचारलं, "आजोबा, हे काय?" मी म्हटलं, "आमच्या वेळचं औषध."

झाडावर चढायचं नाही, गुरांमागं जायचं नाही, पोरांच्या दंग्यात शिरायचं नाही. आई म्हणायची, "लख्या, तुज्या पोटात काचंचं भांडं हाय असं समज." माथ्यावरून धनेश पक्ष्यांची जोडी गेली की त्यांच्या पंखांचा आवाज इंजिनानं वाफ सोडल्यासारखा यायचा, मी अंगणात बसून तो आवाज ऐकायचो, आणि माझ्या वयाची पोरं नदीत उड्या टाकायची. शेतीच्या कामाचा उरलो नाही म्हणूनच मला शाळेत घातलं. मामा रेल्वेत गँगचा मुकादम होता. त्याच्याकडं राहून चार बुकं शिकलो, मग घाटावर हायस्कूल, मग कॉलेज. आमच्या सात घरांतून कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. हुशार होतो म्हणून गेलो असं लोक समजतात. मी भित्रा होतो म्हणून गेलो.

कॉलेजात फुटबॉल होता. पहिले सहा महिने मी मैदानाच्या कडेला उभा राहून बघत असे. एक दिवस टीमचा एक माणूस आला नाही. कॅप्टन कलघटगी, धारवाडकडचा धिप्पाड कानडी गडी, माझ्याकडं बोट करून ओरडला, "ए पुस्तक्या, ये. उभा तरी राहा मागं." मी उभा राहिलो आणि चेंडू माझ्याकडं आला. त्या दिवशी मला दोन गोष्टी कळल्या. मी जोरात पळू शकतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण मला कुणी पळूच दिलं नव्हतं. आणि भित्र्या माणसाला चेंडू कुठं पडणार हे इतरांपेक्षा आधी दिसतं. अंगावर कुणी यायच्या आत तिथं पोचायचं, चेंडू लांब मारायचा आणि बाजूला व्हायचं, एवढाच माझा खेळ. दोन वर्षांत मी कॉलेजचा पहिला बॅक, म्हणजे गोलापुढचा राखणदार, झालो. कलघटगी सगळ्यांना सांगायचा, "लक्ष्मणाच्या अंगाला आजवर कुणाचा हात लागला न्हाई. सावली हाय नुसती." सगळे हसायचे. सावली कशानं झालो हे मी कुणाला सांगितलं नाही. जर्सीसुद्धा मी भिंतीकडं तोंड करून घालत असे.

त्या काळी कॉलेजांचे नेहमीचे सामने पावसाळ्यात सुरू होऊन थंडीत संपत. मग परीक्षा. आणि परीक्षा झाल्यावर, ऐन वैशाखाच्या तोंडावर, वर्षभरात चांगल्या खेळलेल्या चार टीम बोलावून ढालीचे सामने व्हायचे. कुठल्या चार, हे एक कमिटी ठरवायची. कमिटीचा अध्यक्ष एक गोरा साहेब होता, त्यानंच बक्षिसाची ढाल दिली होती, आणि सेक्रेटरी होते आमच्या कॉलेजचे गणिताचे प्रोफेसर जोगळेकर. सामने कॅसलरॉकला. घाटावरच्या आणि किनाऱ्याकडच्या टीमना आगगाडीनं ते मधलं पडे, आणि साहेब दरवर्षी त्या सुमाराला आपला खास डबा जोडून तिथं शिकारीला येत असे. शुक्रवारी दोन सामने, शनिवारी जिंकलेल्या दोघांचा अखेरचा, आणि रविवारी दुपारच्या मेलला साहेबाचा डबा जोडून परत. त्या डब्याच्या हिशेबानं सगळं बसवलेलं. शनिवारी बरोबरी झाली तर रविवारी सकाळी पुन्हा, कारण ढाल साहेबाच्याच हातून द्यायची. बदली खेळाडू ही गोष्टच तेव्हा नव्हती. एकजण पडला की दहा, दुसरा पडला की नऊ. आज वर्तमानपत्रात अखेरचे सामने कसे घ्यावेत, टीम गुणांवर निवडाव्यात की आणखी कशावर, यावर लोक रकानेच्या रकाने लिहितात. मी वाचतो. तीन दिवसांत तीनदा पळायला लावलेल्या पोरांचं काय होतं हे त्यात कुठं दिसत नाही.

आमची निवड झाल्याचं कळलं तेव्हा टीमनं कलघटगीला खांद्यावर घेतलं. मी मात्र मागंच उभा राहिलो. कॅसलरॉक म्हणजे हिंवतापाचं आगर. शिवाय मामा आता तिथंच बदलून आला होता, आणि घरी माझ्या खेळाचा कुणाला पत्ता नव्हता.

आणि भीत होतो तसंच झालं. गाडीतून उतरलो तर मामा फलाटाच्या टोकाला हातात झेंडा घेऊन उभा. त्यानं माझ्या गळ्यातले बूट पाहिले. ते माझे नव्हते, कलघटगीचे होते, मी नुसते सांभाळत होतो. मी अनवाणीच खेळायचो.

"लख्या? तू हितं कसा?"

"कॉलेजचे सामने आहेत, मामा."

"बगायला आलास?"

मी बूट पाठीमागं सारले. मामाच्या सगळं लक्षात आलं. त्यानं मला हाताला धरून बाजूला घेतलं. "अण्णाला मी खांदा दिलाय, लख्या. तुज्या आईला काय सांगू मी?"

"काही सांगू नका. तीन दिवस फक्त."

"व्हय, तीन दिवस," मामा म्हणाला. "त्याला एक दुपार पुरली हुती." आणि तो रुळांच्या कडेनं निघून गेला.

शुक्रवारचा सामना आम्ही दोन गोलांनी जिंकलो. मैदान रुळांना लागूनच होतं, झाडं तोडून सपाट केलेलं. एका अंगाला दरी, चेंडू तिकडं गेला की तो येईपर्यंत सगळे कमरेवर हात ठेवून उभे. जिंकल्यावर स्टेशनातल्या लोकांनी आम्हाला भात आणि बांगड्याचं कालवण वाढलं. सगळे हादडत होते. मला पहिल्या घासाला थंडी वाजली. हिंवतापावरच्या कोयनेलच्या दोन गोळ्या घेऊन मी घोंगडी पांघरली आणि गप्प पडून राहिलो. ताप आला की पानथरी आणखी फुगते. डाव्या कुशीवर मला झोपता येईना.

शनिवारी समोर किनाऱ्याकडच्या कॉलेजची टीम होती. त्यांचा पुढचा खेळाडू मिनेझिस, पेद्रू मिनेझिस, माझ्यापेक्षा वीतभर उंच, पायात तळाला चामड्याचे ठोकळे मारलेले बूट. चेंडू घेऊन तो सरळ माणसाच्या अंगावर यायचा आणि माणूस हटला की हसायचा. त्याचं हसणं वाईट नव्हतं, पण त्या बुटांखेरीज मला काही दिसत नव्हतं. दर वेळी तो आला की माझा डावा हात आपोआप पोटावर जायचा. तरी मी त्याला गोल करू दिला नाही. त्यांचा एक गोल दुसऱ्यानं केला, आमचा कलघटगीनं. एक-एक. जादा वेळ दिला, तरी एक-एक. शेवटची शिट्टी झाली तेव्हा दोन्हीकडचे मिळून बावीसजण मैदानावर आडवे पडले होते.

जोगळेकरांनी जाहीर केलं, "उद्या सकाळी आठ वाजता पुन्हा सामना."

कलघटगी लंगडत त्यांच्यापुढं गेला. "सर, एक दिवस मध्ये सोडा. आमच्यातल्या दोघांचे पाय सुजलेत. त्यांचीपण तीच गत आहे, विचारा."

"साहेबांचा डबा उद्या दुपारी निघतो."

"मग ढाल दोघांना द्या."

"ढाल काय कापून द्यायची?" जोगळेकर म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना गणित आवडायचं, आणि उत्तर एकच असावं असं त्यांना मनापासून वाटायचं. "विजेता एकच असतो, कलघटगी. नाहीतर खेळायचं कशाला?"

मी चार पावलांवर उभा होतो. मला ताप आहे आणि माझ्या पोटात काय आहे, हे तिथं बोललो असतो तर मला कुणी खेळवलं नसतं. पण मग टीम दहाजणांची झाली असती आणि सगळ्यांनी माझ्याकडं कसं बघितलं असतं ते मला आधीच दिसत होतं. मरायचं भय होतं आणि भित्रा ठरायचंही भय होतं. त्या वयात यातलं दुसरं मोठं असतं. मी गप्प बसलो. या एका गप्प बसण्याबद्दल मी स्वतःला पूर्ण माफ केलेलं नाही.

रविवारी सकाळी पाय शिशाचे झाले होते. कलघटगीनं माझ्या पाठीवर थाप मारली, "हेदरबेड, लक्ष्मण." भिऊ नको. त्याला काय ठाऊक. पहिला अर्धा भाग कोरा गेला. दुसरा सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, मिनेझिस मधून चेंडू घेऊन आला आणि आयुष्यात पहिल्यांदा मी चेंडूपाशी आधी पोचलो नाही. तो अंगावर येतोय हे दिसलं, बूट दिसले, आणि मी पोट वाचवायला गुडघा वर घेतला. खेळण्यासाठी नाही, केवळ भीतीनं. माझा गुडघा त्याच्या डाव्या कुशीत बसला. तो खाली बसला, दोन क्षण तसाच राहिला, मग उठून हसला आणि हात हलवून पंचाला म्हणाला, काही नाही, चालू दे.

खेळ पुढं चालला. मी मात्र त्याच्यावरून नजर काढू शकत नव्हतो. तो पळायचा थांबला होता, चालत होता. आणि मग त्यानं उजवा हात उचलून स्वतःचा डावा खांदा धरला.

मैदान, माणसं, आवाज, काही उरलं नाही. बांधावर बसलेला अण्णा तेवढा उरला. मी माझी जागा सोडली आणि मिनेझिसकडं धावत सुटलो. तेवढ्यात चेंडू मी सोडलेल्या मोकळ्या जागेतून गेला आणि त्यांच्या दुसऱ्या खेळाडूनं गोल मारला. त्यांची माणसं नाचायला लागली. कलघटगी माझ्या नावानं कानडीतून शिव्या घालत आला. मी मिनेझिसला खाली बसवलं. त्याचे ओठ पांढरे दिसत होते.

"खांदा दुखतोय?"

"व्हय," तो कोकणीत म्हणाला. "कशाक कोण जाणे. उदक दी." पाणी दे.

मी त्याची जर्सी वर केली. पोटावर डाव्या बाजूला तीन डाग होते, जुने, माझ्यापेक्षा लांबट.

"कोणी दिले हे?"

"आवयन." आईनं. तो सांग्याच्या आतल्या जंगलातला निघाला, आमच्या डोंगराच्या पलीकडच्या उताराचा. मधला घाट नसता तर आमची गावं शेजारी म्हटली असती. गेले दोन दिवस तो माझ्या अंगावर येत होता, आणि त्याच्याही पोटात तेच काचेचं भांडं होतं.

मी ओरडलो, "पानथरी फुटलीय त्याची! कुणीतरी डॉक्टरला बोलवा!"

जोगळेकर मैदानात आले. "उन्हानं झालं असेल. झाडाखाली निजवा त्याला. वीस मिनिटं उरली आहेत, त्यांनी दहाजणांनी खेळावं." ते घड्याळ बघत होते. पंच म्हणाला गोल धरला आहे, आमचे म्हणाले धरायचा नाही, आणि मिनेझिसच्या डोक्यावर दोन्ही टीमचा वाद सुरू झाला. तेवढ्यात रेल्वेच्या दवाखान्यातले वयस्क डॉक्टर छत्री सावरत आले. त्यांनी नाडी बघितली आणि थोडी ब्रँडी मागवली. मी त्यांचा हात धरला. एवढ्या मोठ्या माणसाचा हात धरायची मला एरवी छाती झाली नसती. तो हात मी माझ्या जर्सीखाली घातला आणि माझ्या पोटावर दाबला. "ही बघा, ही माझी. आता त्याची बघा. माझा भाऊ असाच गेला. आधी खांदा दुखला, मग ओठ पांढरे झाले. सांजेपर्यंत गेला, डॉक्टरसाहेब."

कलघटगी माझ्या पोटावरचे डाग बघत राहिला आणि त्याच्या शिव्या थांबल्या. डॉक्टरांनी मिनेझिसच्या पोटाला हात लावला. ते लाकडासारखं कडक झालं होतं. डॉक्टरांनी ब्रँडी परत पाठवली. "याला बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला पाहिजे. आत्ता. मेलची वाट बघितली तर उपयोग नाही."

गोरा साहेब खुर्चीत बसून सगळं बघत होता. डॉक्टर त्याच्याशी इंग्रजीत चार वाक्यं बोलले. तो उठला. स्टेशनमास्तरला त्यानं जे सांगितलं त्यात एक शब्द जास्त नव्हता: जे इंजिन उभं आहे ते माझ्या डब्याला लावा. ज्या डब्यासाठी आम्ही तीन दिवस पळत होतो, त्याच्या मखमली बाकावर मिनेझिसला निजवलं. डॉक्टर चढले. कुणी न सांगता मीही चढलो. मामा रुळांचा सांधा बदलायला धावताना दिसला; त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि नुसती मान हलवली.

त्या प्रवासाबद्दल मी आजवर घरातसुद्धा फारसं बोललेलो नाही. डॉक्टर पाणी देऊ देत नव्हते, आणि मिनेझिस पाणी मागत होता. मी ओल्या रुमालानं त्याचे ओठ पुसत होतो. प्रत्येक स्टेशन मागं पडताना मला वाटायचं, हा आता गेला, आणि मी मारला. पोलीस धरतील ते वेगळं. पण याच्या आईपुढं मी कसा उभा राहणार? माझंही अंग तापानं फणफणत होतं. एकदा त्यानं डोळे उघडून विचारलं, "हांव मरतलों?" मी मरणार का?

"नाही," मी म्हटलं.

"तुका कशें खबर?"

मला काहीच खबर नव्हती. मी म्हटलं, "माझ्या भावाला गाडी मिळाली नव्हती." त्यावर त्यानं डोळे मिटले आणि माझं मनगट धरलं. बेळगाव येईपर्यंत ते सोडलं नाही. बोटांचे वळ नंतर चार दिवस राहिले.

दवाखान्यात त्याचं पोट फाडून ती पानथरी काढून टाकली. सर्जननं सांगितलं, आणखी तासभर उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं. तो वाचेल की नाही हे कळायला आणखी नऊ दिवस गेले. मी ताप उतरेपर्यंत तिथंच, पडवीतल्या एका खाटेवर होतो. दहाव्या दिवशी त्याला पेज दिली. त्यानं ती थोडी खाल्ली आणि मला म्हणाला की गोल धरला असेल तर आम्ही जिंकलो. मी म्हटलं, धरला. आम्ही दोघं हसलो, आणि हसताना टाके दुखले म्हणून तो कण्हला.

घरी गेलो तेव्हा मामा आधीच जाऊन सगळं सांगून आला होता. आबा अंगणात दोरी वळत होते, त्यांनी वर पाहिलं नाही. आई चुलीपुढं फणसाच्या आठळ्या भाजत बसली होती. मी पाया पडलो. शिव्या देईल, रडेल, मारेल, सगळ्याची तयारी करून गेलो होतो. तिनं निखारे सारखे केले आणि एवढंच विचारलं, "त्या पोराच्या आईला कळलंय का?"

"कॉलेजनं कळवलं असंल."

"कुणाच्या तोंडून?"

दुसऱ्या दिवशी आई आणि आबा पाठीला भाकरी बांधून घाट ओलांडून निघाले. तीन दिवसांनी परत आले. तिथं काय बोलणं झालं ते आईनं मला कधी सांगितलं नाही. आबा म्हणाले, दोघी बायका एकमेकींची भाषा अर्धीच समजत होत्या, पण पुरली.

सुट्टीनंतर कॉलेज उघडलं आणि जोगळेकरांनी मला कमिटीपुढं बोलावलं. लांब टेबल, सहा माणसं, साहेब मध्ये. एक कागद तयार होता: जे झालं तो निव्वळ अपघात, व्यवस्थेत काही उणं नव्हतं, आणि ढाल एक विरुद्ध शून्य अशी किनाऱ्याकडच्या टीमला. मी सही करायची. मी खुर्चीची पाठ धरून उभा राहिलो.

"अपघात खरा," मी म्हटलं. "ढालही त्यांची. पण उणं नव्हतं हे मी लिहून देणार नाही."

"म्हणजे?" जोगळेकरांनी विचारलं.

मग मी बोललो. पाठ केलेलं सगळं विसरलो आणि जसं सुचेल तसं बोललो. दोन सामन्यांच्या मध्ये एक दिवस मोकळा हवा. अखेरच्या सामन्यात बरोबरी झाली तर ढाल सहा महिने यांनी ठेवावी, सहा महिने त्यांनी. आणि आमच्या भागात सामने घ्यायचे तर आधी डॉक्टरनं प्रत्येकाचं पोट बघावं, ज्याची पानथरी हाताला लागेल त्याला खेळू देऊ नये. त्याला विचारूसुद्धा नये, कारण तो खरं सांगणार नाही. मी सांगितलं नव्हतं.

जोगळेकर हळू म्हणाले, "मी त्याला झाडाखाली निजवायला सांगत होतो." आणि त्यांनी तो कागद स्वतःच्या हातानं घडी करून खिशात घातला. साहेबानं फक्त विचारलं, आणखी काही? मी नाही म्हटलं. माझ्या तिन्ही गोष्टी कमिटीनं मान्य केल्या.

पुढल्या वर्षी आमची टीम पुन्हा निवडली गेली. तेच मैदान, तेच डॉक्टर. स्टेशनाच्या शेडमध्ये एक बाक टाकला होता आणि टीमवार पोरं रांगेनं जाऊन त्यावर निजत होती. कलघटगी झाला, त्याच्यामागं मी होतो. वर्षभर मला ताप आला नव्हता. मी रोज कोयनेल घेतलं होतं, चांगलं जेवलो होतो. कदाचित आटली असेल, असं मी महिनाभर स्वतःला सांगत आलो होतो. बाकावर निजलो तेव्हा मी पोट होईल तितकं आत ओढून घेतलं.

"सैल सोड," डॉक्टर म्हणाले. "श्वास घे."

मी घेतला. त्यांची बोटं थांबली. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि ओळखलं. मग यादीतल्या माझ्या नावावर रेघ ओढली आणि हाक मारली, "पुढचा."

आम्ही त्या वर्षी बारा माणसं नेली होती, कमिटीनं तशी मुभा दिली होती, त्यामुळं टीम अकराचीच राहिली. मी दोरीबाहेर गवतावर बसलो. कधी नव्हे ते मला कशाचंही भय नव्हतं. त्या नव्वद मिनिटांत कुणी माझ्या अंगावर येणार नव्हतं. माझ्या जागी उभा राहिलेला पोरगा प्रत्येक चेंडूला एक पाऊल उशिरा पोचत होता, आणि दर वेळी माझे पाय गवतात आपोआप हलत होते. एकदा चेंडू रेषेबाहेर उडाला आणि घरंगळत माझ्यापाशी येऊन थांबला. कलघटगी धावत आला आणि हात पुढं करून उभा राहिला. मी उठलो, चेंडू दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या हातात दिला.